फुईचा वाटा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. आमच्या घराण्यात पुरुष शांत आणि बाया तापट, असंच चालत आलंय. पुरुष शांत राहिले आणि लवकर गेले. बाया कटकट करत मागे उरल्या.

झुलाल आबा, म्हणजे माझे आजोबा, मला फार आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच, की शेवटच्या वर्षात ते ताट पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "अन्न गोड लागत नही." त्यांचे दोन्ही भाऊ असेच गेले होते. पुढे माझे वडील रुपचंद गेले. दोंडाईच्याला शाळेत गणित शिकवायचे. पोरांना धाक, पण घरात मांजरासारखे. हिवाळ्यात शेतावर भरताचा बेत असायचा. कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून त्यात हिरवी वांगी भाजायची, काळी साल काढायची, मिरची-लसूण घालून लाकडी मुसळीनं ठेचायची. तो धूर कपड्यांना दोन दिवस सुटत नसे. मला अजून कधी पुण्यात कुणाच्या गच्चीवर लाकूड जळताना वास आला, तर मी रस्त्यात थांबते. अशाच एका बेताला बाबांनी अर्धी भाकरी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "गोड नाही लागत गं." आईच्या हातातला डाव तसाच राहिला. तिनं काही विचारलं नाही. आमच्या घरात ते वाक्य ऐकल्यावर विचारण्यासारखं काही उरत नसे.

गावाचं म्हणणं, ही मिरचीची करणी. काहींचं म्हणणं, कुळाला बाधा आहे. भागाबाई काकूंनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकूंनी, तर प्रेमराज नानांच्या भाजीतली मिरचीच बंद केली. नाना बिचारे निमूट जेवायचे आणि मग शेतात जाऊन सालदाराच्या डब्यातला ठेचा खायचे. सगळ्या गावाला हे माहीत होतं, काकू सोडून.

बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. मला बाधाही पटेना आणि मिरचीही पटेना. त्या रागातच मी शिकत गेले, आणि आज पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पेशींवर काम करते. लोक विचारतात, नेमकं काय करता? मी सांगते. आपल्या जठराच्या आतल्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना धरून असतात. धरणारा हात पेशीच्या बाहेर असतो आणि त्याचं कौतुक सगळ्यांना. मी बघते ते आतलं प्रथिन. जत्रेत पोराचा हात आपण कितीही घट्ट धरला, पण आपला खांदाच निखळला असेल तर त्या धरण्याला अर्थ नाही. हे प्रथिन म्हणजे तो खांदा. बाहेरच्या हाताला ते पेशीच्या आतल्या सांगाड्याशी बांधून ठेवतं. ते नसलं की पेशी सुटते, एकटीच निघते आणि जठराच्या भिंतीत कुठेही जाऊन बसते. गाठ होत नाही, त्यामुळे दुर्बिणीतून बघणाऱ्यालाही सुरुवातीला काही दिसत नाही. दिसतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

हे प्रथिन कसं बनवायचं याची कृती प्रत्येक पेशीत दोन प्रतींत असते. एक आईकडून येते, एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरीवर भागतं. पण एखाद्या पेशीत कधीतरी ती दुसरीही बिघडते, आणि मग ती पेशी मोकळी. सगळ्यांच्याच बाबतीत असं होतं असंही नाही. काही माणसं बिघडलेली प्रत घेऊन म्हातारी होतात.

हे सगळं मी काचेच्या ताटल्यांत बघत होते. ते आमच्याच घरात वाढून ठेवलंय हे कळलं ते जितेंद्रमुळे. जितेंद्र नानांचा एकुलता मुलगा, माझ्याहून थोडासा मोठा, नरडाण्याला कारखान्यात इंजिनिअर. लहानपणी मला सायकलवर पुढे बसवून नदीपर्यंत न्यायचा आणि उतारावर मुद्दाम ब्रेक सोडायचा. गेल्या वर्षी तोही ताट सरकवू लागला. जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्यावर उपचार केले आणि सगळी हकिगत ऐकून त्याचं रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा जितेंद्र अजून होता. त्यानं मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'हेमांगी, हे तुझंच आहे ना?' माझ्याच प्रथिनाचं नाव होतं. दिवाळीच्या आधी तो गेला.

मग मी माझं रक्त दिलं. माझ्यातही ती बिघडलेली प्रत निघाली. जठराचे बारीक बारीक तुकडे काढून तपासले, त्यातल्या एकात थोड्याशा पेशी सुटलेल्या दिसल्या. पुण्याच्या सर्जननी शांतपणे सांगितलं, जठर काढून टाकायचं. माणूस जठराशिवाय जगतो, थोडं थोडं खाऊन जगतो. आता पसरलेलं नाही, तेव्हा वेळेत आहात. मी तारीख येत्या दिवाळीनंतरची घेतली. हे मी आई आणि नाना सोडून कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गावातून नारळ आणि अंगारे यायला लागले असते, आणि माझा स्वभाव तर तुम्हाला सांगितलाच आहे.

पण बाकीच्यांचं काय? जळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्ताचे सगळे नातेवाईक एका ठिकाणी मिळाले तर आम्ही माणसं पाठवतो. मी नानांना फोन केला. म्हटलं, "नाना, आबांच्या आणि त्यांच्या भावांच्या रक्ताचे जेवढे आहेत तेवढे सगळे एका दिवशी गोळा करा. एकही सुटता कामा नये."

नाना म्हणाले, "कानबाईले बठ्ठा भाऊबंद येतस. तवयच करू. तू फिकर नको करू, बेटा."

कानबाई म्हणजे आमच्या खानदेशातला श्रावणातला सण. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी ती बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून, चौरंगावर मांडून, रात्रभर गाणी म्हणून सोमवारी सकाळी नदीवर पोचवायची. कुणी सुरतेला असो की पुण्याला, भाऊबंद त्या दिवशी घरी येणारच. आणि त्यातला खरा मान रोटांचा. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचा, त्याच्या पिठाचे रोट करायचे, आणि ते कुळातल्यांनीच संपवायचे. पुरुष, त्यांच्या बायका, लग्न न झालेली पोरं-पोरी. परक्याला कणही द्यायचा नाही. आणि आमच्याकडे लग्न झालेली मुलगी परकी. ती सासरच्या कुळाचे रोट खाणार.

त्यामुळे माझ्या लहानपणीच्या कानबाईत सगळ्यात ठळक आठवते ती लिलाबाई फुई. फुई म्हणजे बाबांची आणि नानांची धाकटी बहीण. पुण्यात आत्या म्हणतात, पण ती फुईच. पिंपळनेरला दिलेली. शनिवारी दुपारच्या एसटीनं यायची, पदर घामानं भिजलेला, पिशवीत आमच्यासाठी सीताफळं नाहीतर भुईमुगाच्या शेंगा. रात्रभर कानबाईची गाणी तिच्याच तोंडून. बाकीच्या बाया मागे ओढत असायच्या, फुई पुढे धावत असायची. तिचा आवाज फुटका होता आणि तिला त्याची बिलकूल पर्वा नव्हती. अख्ख्या गल्लीला जागं ठेवायची. आणि सकाळी रोटांची ताटं मांडली की तीच फुई उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायची. तिला वेगळा वरणभात. कुणी तिला जा म्हणत नसे. तिला माहीतच होतं.

बाबा तेव्हा भराभर जेवायचे, हात न पुसताच बाहेर यायचे आणि तिच्या शेजारी ओट्यावर टेकायचे. दोघं काय बोलायचे कोण जाणे. शाळेतल्या मास्तरांच्या नकला करायचे बहुतेक, कारण फुई हसून हसून खोकायला लागायची. बाबा गेले आणि फुईनं कानबाईला येणं बंद केलं. विचारलं तर म्हणायची, गुडघे धरतात. मला ते कधी खरं वाटलं नाही.

यंदा कानबाईच्या रविवारी मी घरी पोचले तर अंगणात मांडव, खुर्च्या, जळगावहून आलेले दोन जण रक्ताच्या नळ्या मांडून तयार. नाना पांढरं धोतर नेसून स्वतः उभे होते आणि घरागणिक हाका मारत होते. मला भरून आलं. जितेंद्रला जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि हा सत्तरी ओलांडलेला माणूस एकेका पुतण्याला दंडाला धरून खुर्चीवर बसवत होता. कुणी कुरकुर केली की म्हणायचा, "मना पोऱ्याले जर पहिले कळतं तर..." पुढे कुणी कुरकुरत नसे.

रांगेत भागाबाई काकू बाही वर करून उभ्या होत्या.

"काकू, तुम्ही कशाला?"

"का बरं? मी का या घरनी नही?"

मला हसू आलं. काकूंचं माहेर पार पारोळ्याकडचं, आबांच्या रक्ताचा त्यांच्यात थेंब नाही. म्हटलं, सासऱ्यांचं रक्त तुमच्यात कुठून येणार? मग मी रांगेकडे नीट बघितलं. काकूंच्या मागे चुलतभावांच्या बायका, त्यांच्यामागे थोरल्या घरातल्या, म्हणजे आबांच्या थोरल्या भावाकडच्या, सुना. सगळ्या सुना होत्या. लग्न झालेली मुलगी एकही नव्हती.

"नाना, फुई कुठे आहे?"

"लिला? ती पिंपळनेरले."

"बोलावलं नाही तिला? आणि मोठ्या आबांच्या मुली? त्यांची मुलं?"

नानांनी माझ्याकडे असं बघितलं, की मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलतेय. "पोर दिधी तवय तिनं कुळ बदली गयं. रोटले ती चालत नही, तर मंग आठे तिनं काय काम?"

मी ओरडले. कानबाईसमोर, पाहुण्यांसमोर, नळ्या धरून बसलेल्या माणसांसमोर ओरडले. "नाना, रोगाला रोट कळत नाही! तुम्ही सुनांचं रक्त घेताय आणि बहिणीला सोडताय! आबांची मुलगी आहे ती, बाबांइतकीच, तुमच्याइतकीच!"

कुणीतरी गाण्याचा लाऊडस्पीकर बंद केला. नाना खाली खुर्चीवर बसले. त्यांनी कुणाला मुद्दाम वगळलं नव्हतं, हे मला तेव्हाच दिसत होतं. त्यांनी घर गोळा केलं होतं, जसं आयुष्यभर करत आले तसं. ज्यांच्या नावानं गहू मोजला जातो ते, आणि त्यांची बायकामुलं. त्यात फुईचं नाव कधी नव्हतंच, मग आठवणार कुठून?

त्यांनी विचारलं, "म्हंजे लिलाले बी व्हई शकस?"

"अर्धी शक्यता. असेल किंवा नसेल."

"आन् तिनी दिपमालाले?"

दिपमाला फुईची एकुलती मुलगी. साक्रीला दिलेली, शाळेत शिकवते, पदरात छोटी मुलगी. मी म्हटलं, "फुईत असेल तर दिपमालालाही अर्धी शक्यता. फुईत नसेल तर दिपमाला सुटली, तिला तपासायचीही गरज नाही. म्हणून आधी फुई."

नानांनी खिशातून फोन काढला. त्यांची आई लवकर गेल्यावर या बहिणीला त्यांनीच वाढवलं होतं, खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं. नंबर लावला. पलीकडून फुईचा फुटका आवाज मलाही ऐकू आला, "हां भाऊ, बोल." त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू जा. मना तोंडथीन निघत नही." मी फुईला फक्त एवढंच सांगितलं की उद्या येते.

थोरल्या घरच्या मुलींना फोन करायचं काम नानांनी पुतण्यांवर सोपवलं, आणि त्यांनी ते केलंही. सोमवारी कानबाई नदीवर गेली आणि मी निजामपूर-साक्रीवरून पिंपळनेरला निघाले. जळगावच्या माणसांकडून दोन नळ्या मागून घेतल्या होत्या. पिंपळनेरच्या एका दवाखान्यातल्या नर्सबाईंना घरी यायचं सांगून ठेवलं.

फुईचं घर बाजाराच्या मागे. दारात मी दिसताच तिनं दोन्ही हातांनी माझं तोंड कुरवाळलं आणि कडाकडा बोटं मोडली. दिपमालाही मुलीला घेऊन आली होती. आधी जेवण, मग बोलणं, असा तिथला कायदा. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, शेवभाजी, कांदा. जेवता जेवता मी सगळं सांगितलं. जितेंद्रचा रिपोर्ट, प्रती, अर्धी शक्यता. फुई ऐकत होती आणि भाकऱ्या थापत होती. माझं संपलं तेव्हा तिनं तव्यावरची भाकरी उलटवली आणि मला म्हणाली,

"रोट खावाले मी परकी, आन् रगत देवाले मी घरनी?"

तिनं पिठाचा पुढचा गोळा परातीत आपटला.

"इतला वरीस ओट्यावर बसनू. कोनी सांगं का, लिला, तू बी आबानी शे, आत ये? रुपचंद तेवढा बाहेर यी बसे. आते रोग वाटाना शे तर मनी याद उनी. मी रगत नही देवाव. सांग तुना नानाले."

"आई!" दिपमाला म्हणाली.

"तू जेव."

पण दिपमाला जेवत नव्हती. मी मघापासून बघत होते. तिनं अर्धी भाकरी ताटाच्या कडेला सरकवून ठेवली होती आणि भाजीत नुसतं बोट फिरवत होती. मी बघते आहे हे फुईनं बघितलं. मग तिनंही त्या अर्ध्या भाकरीकडे बघितलं. आबांची मुलगी होती ती. दोन भावांमधल्या एकाचं ताट तिनं असंच सरकताना पाहिलं होतं.

"का गं, जात नही का जेवन?" तिनं विचारलं. आवाज एकदम बारीक.

"तसं काही नाही गं. चार-पाच दिवस जरा..."

फुईनं तवा खाली उतरवला, हात धुतले, आणि बाही वर केली. "कोठे शे ती नर्सबाई?"

रक्त काढताना ती नळीकडे एकटक बघत होती. नर्सबाई गेल्यावर मला म्हणाली, "म्हंजे कळी तर, मी आजून आबाना घरनी शे का नही." मी म्हटलं, फुई, तसं नसतं. ती म्हणाली, "तुले काय कळस." तिच्या मनात काय चाललंय ते मला तेव्हा नीट समजलं नाही. मला वाटलं, रागानं बोलतेय.

दिपमालाची दाढ किडली होती, हे चार दिवसांनी कळलं. साक्रीच्या डॉक्टरनं काढून टाकली. फोनवर दिपमाला बोबडं बोलत हसत होती. पण दाढ सापडली म्हणून प्रतीचा प्रश्न काही सुटत नव्हता. मी पुण्यात ताटल्यांवर वाकून काम करायची आणि मनात दिपमालाची मुलगी यायची. माझ्या स्वतःच्या रिपोर्टची वाट बघताना मी एवढी हैराण झाले नव्हते. स्वतःच्या वेळी निदान रागावता येतं.

पितृपक्ष चालू असताना जळगावहून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. नानांमध्ये बिघडलेली प्रत आहे, ते अपेक्षितच होतं, त्यांच्या तपासण्या ठरल्यात. थोरल्या घरातल्या दोघांमध्ये आहे. आणि लिलाबाईंमध्ये नाही.

"नक्की नाही?"

"नक्की नाही. मी दोनदा बघून घेतलं."

मी त्याच शुक्रवारी निघाले. असली बातमी फोनवर द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. खरं म्हणजे मला ती सांगताना फुईचं तोंड बघायचं होतं. आमच्या घरात चांगली बातमी द्यायची वेळ माझ्यावर फारशी आलेली नाही.

मी अंगणातूनच ओरडले, "नाही! फुई, तुझ्यात नाही! दिपमाला सुटली!" दिपमाला धावत आली आणि मला मिठी मारून रडायला लागली. तिच्या मुलीला काही कळेना, तीही रडायला लागली. मग तिघी मिळून हसायलाही लागलो. डोळे पुसून बघते तर फुई नाही.

ती मागच्या परसात होती, कढीपत्त्याच्या झाडापाशी, पाठ करून. मला वाटलं, देवाला हात जोडतेय. जवळ गेले तर डोळे गच्च भरलेले. ते पाणी आनंदाचं नव्हतं. आमच्या घरातलं ते पाणी मी ओळखते.

"फुई, काय झालं? चांगलं झालं ना?"

"पोरनं चांगलं व्हयनं. देवनी कृपा शे." तिनं पदरानं नाक पुसलं. "पन देख ना, नानामा शे, रुपचंदमा व्हतं, जितेंद्रमा व्हतं. बठ्ठासमा आबानं शे. मनामाच नही. लोके खरंच सांगेत मंग. पोर दिधी का गयी."

आता काय म्हणावं हिला! आख्खा मृत्यू हिच्या दारावरून माघारी गेला आणि ही रुसून बसलीय, की मला का नाही दिला. मला राग आला, पण तो टिकला नाही. कारण मला तो ओटा दिसला. आतून ताटांचा आवाज येतोय आणि ती बाहेर वरणभात कालवतेय. तू आबांचीच, एवढं कुणीतरी सांगावं म्हणून ती इतकी वर्षं वाट बघत होती. आणि प्रयोगशाळेनंही तू परकीच असं सांगितलं, असं तिला वाटलं.

मी तिला दगडी पाट्यावर बसवलं आणि तिच्यासमोर उकिडवी बसले.

"फुई, नीट ऐक. आबांजवळ दोन होत्या. एक बिघडलेली आणि एक धड. प्रत्येक लेकराला त्यांनी त्यातली एक दिली. रिकाम्या हातानं कुणालाच पाठवलं नाही, तसं होतच नाही. बाबांना बिघडलेली गेली. नानांना बिघडलेली गेली. धड होती ती तुला दिली."

ती डोळे पुसून माझ्याजवळ सरकली.

"तुझ्या पोटातल्या पेशी इतकी वर्षं एकमेकींना धरून आहेत ना, ते धरणारं प्रथिन अर्धं आजीच्या प्रतीवरून बनतं आणि अर्धं आबांच्या. आत्ता, या घडीलाही बनतंय. तू कुणाच्या घरी दिली गेलीस, कोणते रोट खाल्लेस, त्याला काही देणंघेणं नाही. आबांचं जे सगळ्यात चांगलं होतं ते तीन लेकरांतल्या एकाला मिळालं. ते तुला मिळालं."

"धड ते माले?"

"तुला."

"भाऊसले नही?"

"नाही. फक्त तुला."

तिनं पोटावर हात ठेवला. साठीला टेकलेली बाई, पण तोंडावर असं काही आलं की मला वाटलं ही आता उठून गाणं म्हणते की काय. "आबा," ती नुसतं एवढंच म्हणाली, लेकरानं हाक मारावी तसं. आणि मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की मी जे शिकले ते कुणाच्या तरी उपयोगाचं आहे.

मग तिचा हात पोटावरच थांबला. ती माझ्याकडे बघायला लागली. शाळा फार शिकली नाही फुई, पण वाटणीचा हिशेब तिला कुणी शिकवायला नको होता. रुपचंदला बिघडलेली गेली. मी रुपचंदची.

"आन् तुले?" तिनं विचारलं. "तुना बापनी तुले कोनती दिधी?"

मी घरादाराला, भाऊबंदांना, डॉक्टरांना प्रतींचं हे गणित कोरडेपणानं समजावत आले होते. एकदाही आवाज कापला नव्हता. आता उत्तर साधं होतं, एका शब्दाचं, आणि तरी मी वळसा घेतला.

"बाबांकडे दोन होत्या," मी म्हटलं. "एक आजीकडची धड, आणि एक आबांची. त्यांनी मला आबांची दिली."

कढीपत्त्याची पानं हलत होती. आत दिपमाला फोनवर कुणालातरी आनंदानं सांगत होती.

"मंग?"

"मग काही नाही. दिवाळीनंतर ऑपरेशन आहे. जठर काढून टाकणार. वेळेत आहे, फुई, खरंच वेळेत आहे."

"कोन शे तुना संगे?"

"आई आहे."

"तुनी माय तुले देखी का सोतःले देखी?" ती उठली. गुडघे धरतात म्हणणारी बाई एका दमात उठली. "भाऊबीजले मी दरसाल नानाकडे जास. औंदा नही जावाव. नानाले सांगी दे, ओवाळनं तुना घरमा, पुण्याले. त्याले बी आन. आन् मंग मी तठेच ऱ्हासू. तू थोडं थोडं खाशी, दिवसमा दहादा खाशी, मी दहादा करसू. धड ते माले दिधं ना आबानी? ते काय नुसतं बशी ऱ्हावाले दिधं का?"

मी काहीतरी म्हणायला गेले, की गर्दी होईल, की पुण्याचं घर लहान आहे. तिनं मला दंडाला धरून ओढलं आणि छातीशी घट्ट लावलं. मी बापाच्या मरणानंतर अशी रडले नव्हते. आवाज ऐकून दिपमाला दारात आली आणि घाबरून तिथंच थांबली.

"काय झालं आई? चांगली बातमी होती ना?"

"चांगलीच शे," फुई माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली. "तू आत जा. ही मना माहेरनी पोर शे. तिले रडू दे."